तीन फुल्यांचा पडदा

३ फेब्रुवारी

शेपूट,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी जायच्या तयारीत नाही आणि मला काही मागायचंही नाही. चार वर्षांनी लिहिते आहे ते डॉक्टरीणबाईंनी लिहायला लावलं म्हणून.

तर कळवायचं ते असं. माझी डिप्रेशनची गोळी बदलायची ठरली आहे. जुनीने इतकी वर्षं इमानाने काम केलं, पण मागच्या पावसाळ्यापासून तिचा जोर ओसरलाय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवणं हेच एक काम होऊन बसतं. आता जुनी हळूहळू कमी करायची, नवी हळूहळू वाढवायची, आणि मधले काही आठवडे मी ना इकडची ना तिकडची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या दिवसांत घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. बिघडायला लागलं की ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं."

मी म्हटलं, "घरात मी आणि शिलाई मशीन."

"मशीन चालणार नाही," म्हणाल्या.

मग उरतेस तू. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदात तुला तोंड घालता येत नाही, ही त्याची मोठी सोय.

लिहितेच आहे तर आणखी एक सांगते, नाहीतर पोटात राहायचं नाही. मोठ्या नाट्यगृहाचा पडदा शिवायचं काम आपल्या दुकानाला मिळालंय. हो, तोच, ज्याच्या दारात आपण लहानपणी तिकीट नसताना उभ्या राहायचो. डागडुजी होऊन दहा एप्रिलला पुन्हा उघडतंय. गडद निळी मखमल, इतकी जड की एक गठ्ठा उचलायला तिघं लागतात. बाबांच्या हयातीतसुद्धा एवढं काम या दुकानात आलं नव्हतं. व्यवस्थापकांनी बजावलंय, तारीख चुकली तर तयार पडदे करणाऱ्या कंपनीला काम जाईल. मी म्हटलं, माझी तारीख आजवर चुकलेली नाही. तुला माहीत आहे, खोटं नाही ते.

कळवायचं काम झालं. उत्तराची घाई नाही.

ताई


११ फेब्रुवारी

शेपूट,

तुझं उत्तर आलं. दोन पानं, त्यातलं दीड पान 'मी येते, मी येते'.

येऊ नकोस. तू आलीस की माझी चादर बदलशील, माझी डाळ ढवळशील आणि दारात आलेल्या प्रत्येकाला माझ्या वतीने उत्तर देशील. मागच्या वेळी काय केलं होतंस ते विसरलीस? मी वर अंथरुणाला खिळलेली आणि तू खाली दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होतीस, ताईची कंबर धरलीय. महिनाभर लोक मला तेलाच्या बाटल्या आणून देत होते. समोरच्या चष्मेवाल्याने तर पट्टा आणला, स्वतःच्या मापाचा. बरी होऊन खाली आले तर जो तो माझ्या कंबरेकडे बघतोय. विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

मी काय चोरी केली होती, मूठ झाकायला? तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर राग जास्त आला. मी नको ते बोलले, तू बॅग भरलीस, आणि पुढचं आपल्या दोघींना पाठ आहे.

असो. आता तब्येतीचं, म्हणजे तू डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यांचं डोकं खाणार नाहीस. डोळे झटकन डावीकडून उजवीकडे नेले की डोक्यात बारीक झटका बसतो, ओल्या हाताने विजेचं बटण दाबल्यासारखा. म्हणून सध्या मी कुणी हाक मारली की मानेसकट सबंध वळते. लोकांना वाटतं बाईला रुबाब आलाय. वाटू दे. स्वप्नं मात्र अशी पडतात की उठल्यावर दमायला होतं, आणि काल कपबशी हातातून सुटली. एकच. जुन्यातली होती.

मदतीला तंबूवाले आहेत. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. जन्मभर तंबू शिवले, आता आपल्याकडे मोठी मशीन चालवतात. तासन्‌तास बोलत नाहीत आणि बोलले की तंबूचंच बोलतात. मखमलीला हात लावून म्हणाले, "बाई, तंबूला बरं असतं. चुकलं तर पाऊस आत येतो, लगेच कळतं."

तू रोज सकाळी फोन करणार म्हणतेस, तर कर. पण 'कशी आहेस' विचारायचं नाही. 'आज काय कापलंस' असं विचारायचं. मी उत्तर दिलं तर मी आहे असं समज.

ताई


२६ फेब्रुवारी

शेपूट,

मागच्या मंगळवारचं तुला लिहायला हवं. फोनवर मी 'काही नाही गं' म्हणून टाळलं, पण तुला त्यासाठीच नेमलंय तर धड सांगते.

मंगळवारी मी उठले नाही. तुझा फोन वाजत होता आणि मी तो वाजू दिला. छताकडे बघत पडले होते आणि मनात आलं, आता पुरे. पडद्याचं नव्हे, सगळ्याचंच. रडू नव्हतं, भीती नव्हती, नुसतं सपाट. एवढं सपाट की त्याचीच नंतर भीती वाटली.

मग तू दुकानात फोन केलास आणि तंबूवाले जिना चढून आले. दार वाजवलं. म्हणाले, "बाई, धाकट्या बाईंनी बघून या म्हणून सांगितलंय. बघितल्याशिवाय मी खाली जाणार नाही." मी दार उघडलं. आणि मग डॉक्टरीणबाईंना फोन मी लावला, माझ्या हाताने. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. मनात काय आलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं, गुळमुळीत केलं नाही. त्यांनी तासाभरात बोलावलं. बराच वेळ बसवून घेतलं. जुनी गोळी कमी करायचा वेग अर्ध्यावर आणला, तिसऱ्या दिवशी परत यायला सांगितलं आणि मधले दोन दिवस रोज संध्याकाळी मी त्यांना फोन करायचा असं ठरलं. मी केला. दोन्ही दिवस. मागच्या खेपेला मला डॉक्टरकडे तू उचलून नेलं होतंस, आठवतं? या खेपेला मी चालत गेले. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो वाटायला मी कुणाची परवानगी मागणार नाही.

तंबूवाले तो सबंध दिवस वरच्या पायरीवर पडद्याच्या पितळी कड्या पुसत बसले होते. संध्याकाळी जाताना म्हणाले, "कड्या झाल्या."

तेव्हापासून काम चालू आहे. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, तर माझी मुंगी निघालीय एवढं नक्की. डाव्या बाजूचे सगळे पट्टे कापून झाले. बाबांचा नियम पाळला, काळजी नको. मखमलीची लव कुठल्या दिशेने पडते ते दोघांनी तळहात फिरवून बघायचं, दोघांनी 'खाली' म्हटलं की मगच मागे खडूने बाण काढायचा, आणि बाण काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. तुझ्या जागी तंबूवाल्यांनी हात फिरवला.

सोबत एक तुकडा पाठवते, तिसऱ्या पट्ट्याच्या टोकाचा, मागच्या बाणासकट. बघ तर खरं, कसलं कापड आहे. तुझ्या तिकडच्या मोठ्या शहरात मिळतं का असं?

ताई


९ मार्च

शेपूट,

बाण उलटा आहे म्हणतेस?

चार वर्षं दुसऱ्यांच्या कचेरीत कागद सरकवून तुझ्या तळहाताला मखमल कळेनाशी झाली असेल, तर तो दोष माझ्या बाणाचा नाही. लहानपणापासून कात्री माझ्या हातात आहे. तू मशीनवर बसायचीस, मी कापायचे, आणि बाबा म्हणायचे, हिच्या बोटांना डोळे आहेत. हे तुझ्यासमोर म्हणायचे.

तरी तुझ्या समाधानासाठी मी आज सगळ्या पट्ट्यांवरून पुन्हा हात फिरवला. सगळे बाण बरोबर आहेत. डावी बाजू जोडून झाली आहे, खालची दुमड झाली, वरच्या कड्या बसल्या. परवा टांगून बघणार आहेत. मग कोण उलटं आहे ते कळेलच.

नवी गोळी पूर्ण सुरू झाली. जुनीचा शेवटचा छोटा तुकडा तेवढा राहिलाय. भूक लागते. झोप बरी. आणखी काय हवंय?

ताई


१५ मार्च

शेपूट,

बाण उलटा होता.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

बुधवारी पडद्याची डावी बाजू नाट्यगृहात चढवली. चार माणसं दोर ओढत होती, तंबूवाले खाली उभे राहून वजन सांभाळत होते. पडदा वर गेला, सुटला, आणि काय पडला म्हणून सांगू! माझे हात आपोआप छातीशी आले. मग त्यांनी वरचे दिवे लावले. सबंध पडदा निळा आणि मध्ये एक पट्टा काळा. तिसरा. त्याची लव बाकीच्यांच्या उलट पडत होती, म्हणून दिवा त्यावरून परत येत नव्हता, आत शिरत होता. दुकानात ट्यूबलाइटखाली एवढ्या गडद रंगात ते दिसलं नसतं. दिसत नाही म्हणून तर बाबांनी हात फिरवायचा नियम केला होता.

व्यवस्थापक डोळे बारीक करून बघत होते. म्हणाले, "तिथे सावली पडलीय का हो? वरच्या दिव्यांच्या पुलाची वगैरे?"

बघ, माणसाने मला किती सरळ वाट काढून दिली. हो म्हटलं असतं तर त्यांनी दिवा सरकवायला लावला असता. तंबूवाले माझ्याकडे बघत होते. मला तू आठवलीस. झाकली मूठ.

मी म्हटलं, "सावली नाही. पट्टा उलटा लागलाय. चूक माझी आहे."

"तुमची?"

"माझी. माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या बदलतायत. त्यात बोटांना मुंग्या येतात, लव कळत नाही. दुसऱ्याला हात फिरवायला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही."

एवढ्या मोठ्या रिकाम्या सभागृहात आवाज किती घुमतो, तुला कल्पना नाही. दोर धरलेल्या चौघांनी ऐकलं, झाडणाऱ्या बाईने ऐकलं, वर दिव्यांजवळ कोण होतं त्यानेही ऐकलं असेल. व्यवस्थापकांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत ठेवला.

"दुरुस्त होईल?"

"होईल."

"तारखेला?"

"तारखेला."

"मग गोळ्यांचं तुमच्या डॉक्टर बघतील. मला पडद्याचं सांगा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा टांगू. तेव्हा असंच दिसलं तर मी कंपनीला फोन करणार, आधीच सांगून ठेवतो."

मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

आता तुझं देणं. तंबूवाल्यांनी हात फिरवला असं मी तुला लिहिलं होतं ते खोटं. मी त्यांना विचारलंच नाही. बोटं मंगळवारच्याही आधीपासून बधिर होती, कपबशी त्यानेच पडली होती, आणि ती एक नव्हती. डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "जाईल ते, काही आठवडे लागतील. तोवर दुसऱ्याच्या बोटांनी काम करा." दुसऱ्याची बोटं आणि माझी कात्री! मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन एकटीनेच हात फिरवला, एकटीनेच 'खाली' म्हटलं. तुझं पत्र आल्यावर पुन्हा फिरवला तेव्हाही हाताला काही कळत नव्हतं. पण तुझ्यापाशी ते कबूल करण्यापेक्षा पडदा चुकलेला परवडला मला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

आणि हेही सांगते. नाट्यगृहातून परतल्यावर मी औषधांचा डबा काढून बसले. जुन्या गोळ्या शिल्लक आहेत त्यात. नवी बंद करून जुनी पूर्ण सुरू केली तर बोटं दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतील, असा मी माझ्या मनाने हिशोब केला. पडदा होईल, मग बघू पुढचं. पण पुढचं काय ते मला माहीत होतं. पुन्हा तो मंगळवार. म्हणून जुन्या गोळ्यांचं पाकीट तंबूवाल्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, डॉक्टरीणबाई सांगतील तेवढीच मला रोज द्या, मी मागितली तरी जास्त द्यायची नाही. त्यांनी पाकीट शर्टाच्या खिशात ठेवून वर बटण लावलं.

पण बोटं अजून बधिरच आहेत. उजवी बाजू कापायची आहे, तिसरा पट्टा उसवायचा आहे आणि तंबूवाल्यांचे हात तंबू शिवून शिवून असे झालेत की त्यांना लव आणि गोणपाट सारखंच लागतं. आज त्यांना हात फिरवायला लावला तर म्हणाले, "दोन्हीकडून मऊच आहे की." आता काय करू ते कळत नाही.

तुला विचारते आहे. ऐकलंस ना? विचारते आहे.

ताई


२३ मार्च

शेपटे,

गाल!

तू फोनवर म्हणालीस तेव्हा मी तुला काय काय बोलले ते सोड. "ताई, गाल सुन्न झालाय का? मग गाल लाव." एवढं बोलून फोन ठेवलास, वर हसलीस. पंचवीस वर्षं कात्री धरणाऱ्या बाईला हे सुचू नये? आपण बाबांच्या टेबलाखाली लपायचो, कापलेले तुकडे गालावर फिरवायचो, एकीकडून मांजर आणि दुसरीकडून डुक्कर म्हणायचो, ते तुला आठवलं आणि मला नाही.

तर मग काय झालं ते ऐक. सगळी मखमल लांब टेबलावर पसरली आणि मी टेबलावर चढून, गुडघे टेकून, गाल लावला. खालच्या दिशेने मांजर. उलट केला, डुक्कर. इतकं स्पष्ट कळलं की मला मोठ्याने हसू आलं. तंबूवाले मशीन थांबवून बघत राहिले. बिचाऱ्यांना वाटलं, नवी गोळी जरा जास्तच लागू पडली. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही या. नको नको म्हणत आले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि तो बाप्या माणूस दाढीचा गाल मखमलीवर ठेवून डोळे मिटून उभा राहिला.

"खाली कुठे?" मी विचारलं.

"हिकडं," म्हणाले. दार दाखवलं. बरोबर होतं.

त्याच वेळी समोरचा चष्मेवाला काचेतून डोकावत होता. दोन शहाणी माणसं कापडावर गाल ठेवून उभी. त्याला मी आत बोलावून सांगितलं काय चाललंय ते. गोळ्यांसकट. तो म्हणाला, "मग तेव्हा ते कंबरेचं...?" मी म्हटलं, "कंबर माझी ठणठणीत होती. तुमचा पट्टा परत घेऊन जा." हसला आणि घेऊन गेला, पण दारात जरा थांबून म्हणाला की त्याच्या बायकोला माझ्या डॉक्टरीणबाईंचा नंबर हवाय. मी लिहून दिला.

तिसरा पट्टा दोन्ही शिवणींत उसवला, वरून कड्या काढल्या, खालून दुमड सोडली. उसवलं मी. बधिर बोटांनी उसवायला वेळ लागतो पण उसवता येतं, फक्त लव ओळखता येत नाही. मखमलीला सुईची भोकं राहतात याची मला धास्ती होती. पण पट्टा उलटा केल्यावर वरची भोकं खालच्या रुंद दुमडीच्या आत गेली आणि खालची वरच्या चुण्यांत. वाफ दिली, लव उठली. आता कितवा पट्टा होता ते मला विचारलंस तर मलाही शोधावा लागेल.

उजव्या बाजूचे सगळे पट्टे दोन गालांनी तपासून कापले. माझा डावा गाल अजून लाल आहे.

काल पुन्हा टांगला, दोन्ही बाजू. दिवे लावले. व्यवस्थापक पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले, परत आले, बाल्कनीत गेले, तिथून ओरडले, "ओ बाई, एकच निळा आहे!" तुला वाटेल यात काय एवढं. पण मी त्या वेळी एका खुर्चीचा हात धरून उभी होते आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. आनंद असावा. ओळख पटायला जरा वेळ लागला, फार दिवसांनी आला होता.

ताई


६ एप्रिल

शेपटे,

जुनी गोळी पूर्ण बंद झाली. शेवटचा तुकडा तंबूवाल्यांनी खिशाचं बटण उघडून दिला आणि रिकामं पाकीट माझ्या हातात ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लढाई जिंकली वगैरे काही नसतं, गोळी बदलली आहे आणि ती लागू पडते आहे, सध्या एवढंच. वाईट दिवस येतील तेव्हा सांगायचं. मी म्हटलं, सांगण्यात आता माझा हातखंडा आहे. डोक्यातले झटके जवळजवळ गेले. उजव्या हाताची बोटं परत आली, डाव्या हाताची करंगळी अजून रुसलेली आहे. सकाळी जाग आली की लगेच उठते असं नाही, पण उठते. आणि काल भाजी खारट लागली तर राग आला. मागच्या वर्षी खारट आणि अळणी मला सारखंच होतं.

आता मुद्द्याचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असं बाबा म्हणायचे.

पडद्याच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बाबांच्या पद्धतीप्रमाणे फुली घालायची असते. ज्याने ज्याने हात फिरवून 'खाली' म्हटलं त्याने आपापल्या दोऱ्याने घालायची. माझी लाल, तुझी निळी. तू गेल्यापासून या दुकानातून गेलेल्या प्रत्येक पडद्यावर एकच लाल फुली आहे, आणि तंबूवाल्यांना इतक्या दिवसांत मी फुली दिलीच नव्हती. आज नाट्यगृहात पडद्यामागे बसून दिली. कुठला रंग हवा विचारलं तर म्हणाले, "तंबूचा." करडा दोरा शोधून दिला. त्यांनी ती एक फुली घालायला इतका वेळ लावला की मी रंगमंच झाडून घेतला. मग चष्मा पुसत बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

तर आता तिथे एक लाल फुली आहे आणि एक करडी. दोन्हींच्या मध्ये मी जागा सोडली आहे. निळा दोरा सुईत ओवून कोपऱ्यातच टोचून ठेवला आहे. तुझ्यावाचून तो पट्टा सरळ झाला नसता. पत्रातून आलेल्या तुकड्यावर तू एकटीने हात फिरवलास आणि खरं बोललीस, तेही माझ्यासारख्या बाईशी. तेव्हा फुली तुझीच आहे. व्यवस्थापक म्हणाले, बाई, मागच्या बाजूची फुली कोण बघणार, तुम्हीच घालून टाका बहिणीची. तंबूवालेही तेच म्हणाले. मी ऐकलं नाही. तुझ्या वतीने मी काही घालणार नाही, आणि का ते तुझ्याइतकं आणखी कुणाला कळणार?

दहा तारखेला संध्याकाळी पडदा पहिल्यांदा उघडणार. पाहुण्यांच्या रांगेत मला तीन खुर्च्या दिल्या आहेत. एकीवर मी, एकीवर तंबूवाले, ते नवा शर्ट शिवतायत, स्वतःच, तंबूच्या मशीनवर. तिसरीवर कुणालाही बसू देणार नाही, उभं राहून बघणारे आले तरी.

मी तुला येऊ नकोस असं लिहिलं होतं. ते पत्र फाड. चादर मी बदललेली आहे, डाळ मी करेन. तू फक्त थोडी लवकर ये, पडदा उघडण्याआधी, म्हणजे मागे जाऊन निळी फुली घालायला वेळ मिळेल. सुई तिथेच आहे. आणि दारात कुणी विचारलं की ताईला मध्ये काय झालं होतं, तर तू गप्प राहा. मी शेजारीच उभी असेन. मी सांगेन.

तुझी ताई